रोजची काळी

कारखान्यात दोन प्रकारच्या सिगारी वळल्या जात. एक फिकट, लोण्याच्या रंगाच्या पानाची. ती लाकडी पेटीत मऊ कागदावर झोपून दूरदूरच्या गावी जायची. बायका तिला 'पाहुणी' म्हणत. दुसरी काळीभोर. झाडाच्या शेंड्याचं जाड पान, मुरवायच्या राशीत दुप्पट दिवस घाम काढून काळं पडलेलं, अंगावर शिरा उठलेल्या, एखादा डागही असायचा. ती साध्या कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून कोपऱ्यावरच्या दुकानांत जायची. गोदीतले हमाल, बसचे ड्रायव्हर, शाळेचे शिपाई काम सुटल्यावर ती ओढायचे. तिचं नाव 'रोजची'.

धाकटीची आई जन्मभर रोजचीच वळत आली होती. ती डावखुरी, म्हणून कारखान्यात तिला सगळे 'डावरी' म्हणत. मागून तिची मुलगी शेजारच्या खुर्चीवर कामाला आली, तेव्हा तिला कोणी नाव विचारलंच नाही. ती आपोआप 'धाकटी' झाली. मधली शीर काढली की पानाचे दोन भाग होतात, डावा आणि उजवा, आणि दोन्ही उलटसुलट दिशेनं गुंडाळावे लागतात. बाकीच्या बायकांच्या हाताला डावा भाग अडायचा, तो सगळा आईच्या पुढ्यात येऊन पडायचा. त्यामुळे तिच्या सिगारीची शिवण उलटी चढायची. नीट पाहिलं तरच कळावं इतकी, पण उलटी.

काम सुटताना आपण वळलेल्यातली एक सिगार घरी न्यायची प्रत्येकीला मुभा होती. आई एप्रनच्या खिशातून एक आणायची, आणि ती बाबांची.

सिगार ओढावी तर बाबांनी. ते शहरबसवर ड्रायव्हर होते. पाळी संपली, हातपाय धुतले, की मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे, बूट काढायचे, पाय लांब सोडायचे. सिगारीच्या बंद टोकावरची पानाची टोपी नखानं हळूच उचकटायचे. काडी पेटवली तरी लगेच तोंडाला लावायची नाही, आधी तिचं टोक लांबूनच शेकायचं. "तिलाही थंडी वाजते गं," म्हणायचे. मग पहिला झुरका, आणि डोळे आपसूक मिटायचे. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि जाऊ द्यायचा. एकदा मालकानं खुशीत येऊन कामगारांना एकेक पाहुणी वाटली होती. बाबांनी ती अर्ध्यावरच ठेवून दिली. "ही ओढताना माणसाला ताठ बसावं लागतं," ते म्हणाले. "रोजची ओढताना पाठ टेकते." काळ्या पानात म्हणे करपलेल्या साखरेची चव होती, तळाशी थोडी कॉफी, आणि अगदी शेवटी, बोटं भाजायला आली की मिरीसारखं काहीतरी. एवढ्या स्वस्तात एवढं सुख दुसरं कोण देतं, हा त्यांचा नेहमीचा सवाल.

आई आतून भांडी विसळता विसळता विचारायची, "कशी आहे?"

"बरी आहे."

बाबांकडून 'बरी आहे' मिळणं म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. एरवी ते म्हणायचे, "आज घाईत वळलीस का? एका बाजूनं जळतेय," किंवा "ओढ जड आहे." आई फणकारायची, "तुम्ही बस हाका, सिगार मला शिकवू नका." पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिचा हात बरोबर तिथंच सैल पडायचा. मुकादमाला तिच्या मालात खोट सापडायची नाही, कारण ती आदल्या संध्याकाळीच पायरीवर सापडलेली असायची.

धाकटीचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. बाळ झालं तेव्हा ती आईबाबांकडेच राहायला आली, आणि बाबा नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते, त्यांनी बाळाची ड्यूटी आनंदानं अंगावर घेतली. "आता एकच प्रवासी," म्हणायचे, "तोही फुकट्या."

मागच्या थंडीत बाबांना ताप आला. चांगलाच मुरला. उठले तेव्हा गालांची हाडं वर आली होती, पण संध्याकाळी पायरीवर जाऊन बसले, आणि आईनं विचारायच्या आधीच म्हणाले, "अगं, आज काय गोड पान लागलंय!"

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

त्या दिवसापासून बाबांचं हे रोजचंच झालं. "हिच्यात मधाचा वास आहे." "अशी तू लग्नानंतर पहिल्यांदाच वळलीस." "ही मालकाला ओढायला दे, पाहुणी बंद करून टाकेल." आई लटक्या रागानं म्हणायची, "म्हातारपणी कौतुक सुचलं!" पण दुसऱ्या दिवशी टेबलावर ते शब्द न् शब्द सांगायची. समोर बसणारी एक जाडजूड बाई होती, तिचं तोंड दिवसभर चालू, म्हणून तिला 'रेडिओ' म्हणत. ती म्हणाली, "माझ्या मेल्यालाही तसलाच ताप येऊ दे गं बाई. निदान एक शब्द तरी गोड निघेल."

सगळं टेबल हसलं. आई सगळ्यात जास्त.

दुपारच्या सुट्टीत धाकटी बाळाला पाजायला घरी धावायची. एकदा ती आली तर दारातूनच डोळे चुरचुरले. स्वयंपाकघर धुरानं निळं झालं होतं. शेगडीवर दुधाचं पातेलं तळापर्यंत कोळसा झालेलं, आणि त्याच्याकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर, बाबा बाळाला खांद्यावर घेऊन गाणं म्हणत होते.

"बाबा! दूध!"

ते वळले. पातेल्याकडे असे बघत राहिले, की जणू ते दुसऱ्या कोणाच्या घरातलं आहे. तिनं शेगडी बंद केली, खिडकी उघडली, बाळाला उचललं. लंगोट भरलेला, कधीचा, कडा वाळलेल्या.

"वास नाही आला तुम्हाला?"

बाबा खुर्चीवर बसले. "गेला गं," म्हणाले. "तापाबरोबर गेला. वासही, चवही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी."

"आणि सिगार?"

"गरम हवा."

"मग ओढता कशाला?"

"ती विचारते ना." मग त्यांनी तिचा हात धरला, लहान मूल धरतं तसा. "तिला सांगू नकोस. दिवसभर मान मोडून काम करते. संध्याकाळी तिला तेवढंच तर हवं असतं."

धाकटीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती दूध सकाळीच तापवून ठेवू लागली, आणि शेजारणीला सांगून ठेवलं, मधूनमधून डोकावत जा.

आणि मग आईच्या बोटांचं तिच्या ध्यानात आलं. वरचं पान किती ओलं आहे हे आई पूर्वी बोटानं नुसतं शिवून सांगायची. आता ती ते पटकन ओठांना लावून बघायची, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून. एका सकाळी पान कापायचं पातं तिच्या बोटात घुसलं आणि तिला कळलंच नाही. काळ्या पानावर रक्त दिसलं नाही, खळीच्या वाटीत दिसलं. धाकटीनं तिचं मनगट पकडलं.

"ओरडू नकोस," आई दबक्या आवाजात म्हणाली. "बोटांच्या टोकांना काही कळतच नाही अलीकडे. पान हातात आहे की नाही, तेही दाबल्याशिवाय समजत नाही."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ गं, जाऊ. आणि तुझ्या बाबांना बोलू नकोस. त्यांना वाटतंय माझा हात आत्ताच कुठं बसलाय." आणि आई चक्क लाजली.

धाकटी बोट बांधत राहिली. तेव्हा तिथंच बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण आईचा तो लाजलेला चेहरा समोर होता, आणि सिगारी चालल्या आहेत तोवर चालू देत, असं तिनं स्वतःला समजावलं. आई दाबत राहिली. दाबून दाबून वळत राहिली.

शेवटी मुकादम आला. भला माणूस. त्याला आईनंच वळायला शिकवलं होतं, त्यामुळे वाईट बोलायची वेळ आली की तो आधी चष्मा पुसायचा.

"बाई, दुकानदार बंडलं परत पाठवतायत. उलट्या शिवणीची." त्यानं एक सिगार टेबलावर ठेवली. "ओढ नाही म्हणतात. दगड आहेत, म्हणतात."

आईनं हातातलं पान खाली ठेवलं. "माझा माणूस रोज ओढतो ही. एक दिवस चुकवत नाही. तो बोलला असता."

"नवरा आहे, बाई."

"नवरा आहे म्हणूनच! या सगळ्याजणींना विचार, 'बरी आहे' म्हणायला तो माणूस दोनदा विचार करायचा."

"ते खरं हो," रेडिओनं री ओढली.

मुकादमानं पुन्हा चष्मा पुसला. "शिरा काढायच्या टेबलावर जागा आहे. बसून काम, घाई नाही. तुमचा मान आहे तसाच राहील."

शिरा काढायचं टेबल म्हणजे नव्या मुलींची जागा. ज्यांच्या हाती अजून पातं द्यायचं नाही, त्या तिथं बसत.

"त्याला आणते," आई म्हणाली. "खुणा न करता तीन जणींच्या तीन ठेव त्याच्यापुढं. रोजची ओढणाऱ्यालाच रोजची कळते. तो म्हणाला वाईट, तर माझी मी उठेन. तो म्हणाला चांगली, तर तू दुकानदारांशी भांडायचं."

"शनिवारी आणा," मुकादम म्हणाला. "काम सुटल्यावर. माझा शब्द."

शनिवारी दुपारच्या सुट्टीत धाकटीनं बाबांना पायरीवर गाठलं. "जाऊ नका. कणकण आहे म्हणा."

"मी नाही गेलो तर ती हरलीच."

"आणि गेलात तर? काय सांगणार?"

"तिची मला अंगठ्यानं कळते गं. शिवण उलटी चढते. डोळे बांधा हवं तर."

"बाबा, ओळखायची नाहीये. पारखायची आहे."

त्यांनी दाढीच्या खुंटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिची आहे म्हणजे चांगलीच असणार." आणि दाढीचं सामान शोधायला उठले.

धाकटी आत गेली. त्या दिवशी सुट्टीत आईही घरी आली होती, आणि जेवायचं सोडून बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवताना ती काहीतरी गुणगुणत होती, आणि बोट चुकून इस्त्रीला लागलं तरी गुणगुणणं थांबलं नाही. धाकटी दारात उभी राहिली. "आई," एवढंच म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. कॉलर राहिलीय."

काम सुटल्यावर एकही बाई घरी गेली नाही. टेबलावरची खळ पुसली, मधली जागा मोकळी केली. बाबा आले ते गुळगुळीत दाढी करून, केस पाण्यानं चापून बसवून. "नवरदेव आले," रेडिओ म्हणाली. बाबांनी तिला हात जोडले. "करवल्या पुष्कळ दिसतायत," म्हणाले. हशा पिकला. आई आपल्या खुर्चीवर ताठ बसली होती, हात मांडीवर, बोटं एप्रनमध्ये गुंडाळून.

मुकादमानं तीन काळ्या सिगारी पुढं ठेवल्या. बाबांनी पहिली उचलली, अंगठा तिच्या अंगावरून फिरवला, शेकली, पेटवली, दोन झुरके घेतले. धूर झकास निघाला. "ठीक," म्हणाले, आणि बाजूला ठेवली. दुसरी. पुन्हा अंगठा, पुन्हा धूर. "हीही ठीक. जरा अळणी." रेडिओ पुटपुटली, "अळणी म्हणे! माझीच असणार मेली."

तिसरीवर अंगठा फिरला आणि थांबला. बाबांनी मान वर केली, थेट आईकडे पाहिलं, आणि हसले.

तिसरी पेटायला वेळ लागला. दोन काड्या गेल्या. बाबांचे गाल आत ओढले गेले, मानेच्या शिरा ताठल्या, टोकाला लाल ठिपका आला. त्यांनी सिगार दोन बोटांत धरली आणि बोलायला सुरुवात केली. नजर आईवरून हलली नाही. "ही बघा. हिला म्हणतात रोजची." ओढली. "आधी साखर येते, करपलेली." ओढली. "मग कॉफी. अशी सावकाश जिभेवर उतरते." ओढली. गेले कित्येक दिवस ती अशीच घट्ट असायची, गालांना त्याची सवय झालेली.

टोकावरचा ठिपका पहिल्या वाक्यालाच काळा पडला होता.

धूर नव्हता. बाबांच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं, शब्दांशिवाय. सगळ्यांना दिसत होतं. मुकादमानं चष्मा काढला आणि पुसलाच नाही, नुसता हातात धरून राहिला. रेडिओचं तोंड उघडं, आवाज नाही. धाकटीला ओरडावंसं वाटत होतं, 'बाबा, विझलीय!' पण ते ओरडणं म्हणजे सगळंच ओरडून सांगणं होतं.

"आणि शेवटी मिरी," बाबा म्हणाले. विझलेली सिगार त्यांनी पुन्हा ओढली, डोळे मिटले. "मिरी येतेय बघा. काय माल आहे! अशी दुसरी कोणी वळून दाखवावी."

आई उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि बाबांच्या बोटांतून तिनं सिगार काढून घेतली. जळकं टोक तिनं आपल्या गालाला लावून पाहिलं, बोटांवर तिचा विश्वास नव्हता. मग पातं उचललं आणि सिगार टेबलावर उभी चिरली. आतली पानं पीळ घातलेल्या दोरासारखी होती. काडी शिरली नसती.

बाबांनी डोळे उघडले. आधी त्यांना समजलं नाही. मग त्यांनी चिरलेल्या सिगारीकडे पाहिलं, आणि आपल्या रिकाम्या बोटांकडे.

"विझलीय," आई मुकादमाला म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पान संपलं असं सांगावं तसा. "सोमवारपासून शिरा काढते मी. माझ्या खुर्चीवर धाकटीला बसव."

"बाई..."

"शब्द दिला होता ना? मग झालं."

घरी जाताना तिघं एका ओळीत चालले होते, फुटपाथ अरुंद म्हणून. आई पुढं, बाबा मध्ये, धाकटी मागं. चौकात गाड्यांसाठी थांबावं लागलं, तेव्हा आई न वळता म्हणाली, "कधीपासून?"

"तापापासून."

"जिभेला काहीच कळत नाही?"

"नाही."

"ओठांना तर कळत होतं." आता ती वळली. "ओढताना गाल खपाटीला जात होते तुमचे. ओढ जड आहे, हे कळायला जीभ लागत नाही. एकदा जरी म्हणाला असतात, 'घट्ट झालीय', तर मी हात सैल केला असता. डॉक्टरकडे गेले असते. मी मुकादमाला खोटं पाडत बसले, तुमच्या जोरावर."

बाबांच्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. "कळत होतं," ते म्हणाले. "पण तू एवढी खूश व्हायचीस गं. इतक्या वर्षांत मी तुला कधी नीट चांगलं म्हटलंच नव्हतं. वाटलं, आता तरी..."

"तुमचं ते 'बरी आहे' होतं ना," आई म्हणाली, "तेच चांगलं होतं."

गाड्या थांबल्या. कोणीच रस्ता ओलांडला नाही. आईनं धाकटीकडे पाहिलं. "आणि तुला?"

"ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "त्यांचंही. तुझंही."

आईनं मान हलवली, एकदाच, आणि चालू लागली.

रविवारी संध्याकाळी बाबा सवयीनं पायरीवर जाऊन बसले, पाय लांब सोडून, हात मोकळे. आईनं भांडी विसळली, मग हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी बसली. धाकटीनं आतून कितीतरी वेळ कान दिला. दोघांपैकी कोणी काही विचारलं नाही. बाळाला झोप लागेपर्यंत बाहेर नुसत्या रस्त्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी आई शिरा काढायच्या टेबलावर बसली, नव्या मुलींच्या रांगेत. ते टेबल वळणाऱ्या बायकांच्या मागे, भिंतीला होतं. धाकटी आईच्या खुर्चीवर बसली तेव्हा तिला खुर्ची उंच वाटली, आणि डावी पानं पुढ्यात येऊन पडली तेव्हा हात अडला. रेडिओ त्या सकाळी गाण्यासारखी काहीतरी उगीच बडबडत होती. धाकटीला तिचे आभार मानावेसे वाटत होते.

"धाकटे," मागून आईची हाक आली. कारखान्यात आईनं तिला या नावानं कधीच हाक मारली नव्हती. "तिथून माझे हात दिसतात का तुला?"

धाकटीनं खुर्ची थोडी तिरकी केली. "दिसतात."

"मग लक्ष ठेव. आणि जे दिसेल ते सांगायचं."

आईनं पान दुमडलं, टोकाशी शीर खुडली, बोटाला गुंडाळून खेचली. शीर निघाली, आणि तिच्याबरोबर पानाची एक पट्टी टर्रकन निघून आली. आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिला ते कळलं नव्हतं. तिनं पान उजेडासमोर धरलं आणि धाकटीकडे पाहत थांबली.

नव्या मुली बघत होत्या.

"फाटलं, आई," ती म्हणाली.

आईनं ते फाटक्या पानांच्या ढिगावर ठेवलं आणि दुसरं उचललं.